उजव्या पायावरचा वर्ग

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, त्याचा अनुभव तिला गेली दोन वर्षं दर रविवारी येत होता. ती फिजिओथेरपिस्ट होती. दवाखान्यात लोक तिच्यासमोर लंगडत यायचे, 'मॅडम, मॅडम' करत ती सांगेल तो व्यायाम करायचे आणि बहुतेक जण सरळ चालत जायचे. आणि तिची सख्खी मोठी नणंद, घरात सगळे जिला ताई म्हणत, ती बाई रविवारी जेवण झालं की हिच्याच सोफ्यावर पालथी पडायची.

"जरा दाब ना इथे," ताई म्हणायच्या. "नाही, अजून वर. अगं, उजवीकडे! रोज तेच तर दुखतं."

"ताई, दाबून काही होणार नाही. मी व्यायाम लिहून दिले होते."

"ते करते की."

"कधी?"

"वेळ मिळेल तसे."

तो व्यायामांचा कागद तिला पुढच्याच आठवड्यात ताईंच्या स्वयंपाकघरात सापडला. चार घड्या घालून, डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली. टेबल मात्र आता अजिबात हलत नव्हतं.

ताई बावन्न वर्षांच्या होत्या आणि बेली डान्स शिकवायच्या. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक लांबोडकी खोली होती, एका भिंतीला आरसे, आरशांना लाकडी कठडा, जमिनीला गार फरशी. तिथे आठवड्यातून तीन संध्याकाळी वीसेक बायका कमरेला टिकल्यांचे रुमाल बांधून जमायच्या. कुणी बाळंतपणानंतर पोट आत घ्यायला आलेली, कुणी डॉक्टरांनी 'जरा हालचाल ठेवा' म्हटलं म्हणून, कुणी नुसतीच घरातून दोन तास सुटका म्हणून. ताईंचा शब्द तिथे शेवटचा असायचा. पोट, छाती, कंबर, खांदे, एकेक अवयव त्या असा वेगळा हलवायच्या की बघणाऱ्याला वाटावं, या बाईत चार बायका राहतात आणि चौघींचं आपसात पटत नाही.

एवढं अंगावर हुकमत असलेल्या बाईला दहा मिनिटांचा व्यायाम जमू नये, याने तिचं डोकं फिरायचं. नवऱ्याकडे बोलून उपयोग नव्हता. तो जमीनमोजणीच्या कामावर होता. दिवसभर लोकांच्या हद्दी आखायचा, पण बायको आणि बहीण यांच्यामधली हद्द दिसली की दुर्बीण मिटून ठेवायचा. "मला मध्ये घेऊ नका," एवढंच त्याचं म्हणणं. "तुम्ही दोघी बघून घ्या."

मग एका महिन्यात दवाखान्यात तीन बायका आल्या. पहिली बेकरीवाली. कंबर दुखतेय, उजवीकडे, मागे, पट्ट्याच्या जरा खाली. तिने तपासलं, विचारपूस केली आणि ठरवून टाकलं की हे पिठाच्या पोत्यांचं काम. पोतं कसं उचलायचं ते शिकवलं. दहा दिवसांनी एका शाळेतली गणिताची शिक्षिका आली, उजवीकडे, मागे, जरा खाली. फळ्यासमोर तासन् तास उभं राहून, तिने निदान केलं. पायाखाली छोटी पेटी घ्यायला सांगितली. नंतर आली दातांची डॉक्टर. ती तर आयुष्यभर एका बाजूला झुकून लोकांच्या तोंडात बघते. तिथे प्रश्नच नव्हता. तिघींना तीन कारणं सांगून ती स्वतःवर खूश होती.

मंगळवारी बाहेरच्या बाकावरून हसण्याचा आवाज आला म्हणून तिने दार उघडलं. बेकरीवाली, शिक्षिका आणि दातांची डॉक्टर एकमेकींना टाळ्या देत होत्या.

"तुम्ही एकमेकींना ओळखता?" तिने विचारलं.

"म्हणजे काय मॅडम!" बेकरीवाली म्हणाली. "आम्ही एकाच वर्गाच्या. ताईंच्या! तुमच्या नणंदच ना त्या? त्यांनीच सांगितलं, दुखलं तर माझ्या भावजयीकडे जा, हात चांगला आहे तिचा."

आणि हसता हसता तिघी उठून उभ्या राहिल्या. बाकाला टेकून नव्हे, सरळही नव्हे. तिघींचाही सगळा भार उजव्या पायावर, डावा पाय पुढे हलका टेकलेला, डावी कंबर सैल. एका साच्यातून काढल्यासारख्या.

ती दारातच उभी राहिली. पिठाची पोती, फळा, दात... तिला कानाच्या पाळ्या गरम झाल्यासारखं वाटलं. एका महिन्यापासून नाही, दोन वर्षांपासून ती हीच उभं राहायची ढब दर रविवारी दारात चपला काढताना बघत होती.

"वर्गात डाव्या पायावर उभं राहून कधी नाचता का?" तिने विचारलं.

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"असं काही ठरवून नाही," शिक्षिका म्हणाली. "ताई जसं करतात तसं आम्ही करतो."

गुरुवारी दवाखाना लवकर बंद करून ती सायकलच्या दुकानावरचा जिना चढली. ताईंनी कौतुकाने सगळ्यांना सांगितलं, "ही माझी भावजय. आमची डॉक्टरीणबाई. बस गं तिथे कोपऱ्यात, बघ आमचा व्यायाम."

तिने बघितलं. अंग गरम करायचा एक प्रकार नाही, मानेला नाही, पायांना नाही; आल्या की रुमाल बांधून थेट नाचच. मध्ये पाणी प्यायला सुट्टी नाही. गार फरशीवर अनवाणी टाचा आपटणं वेगळंच. पण हे सगळं तिने मनात बाजूला ठेवलं, कारण डोळ्यांसमोर त्याहून मोठा प्रकार चालला होता. समोर ताई उजव्या पायावर उभ्या राहून डावी कंबर तालात खाली सोडत होत्या, वर उचलत होत्या, आणि मागे वीस बायका उजव्या पायावर, डावी कंबर खाली, वर. तळ्याकाठी बगळे उभे असावेत तशा. ताल बदलला, गाणं बदललं, पाय बदलला नाही. एकदाच ताईंनी भार डावीकडे नेला, तोही दोन ठोके, आणि त्या दोन ठोक्यांत त्यांचं सगळं धड डावीकडे कललं. बघणाऱ्यांना ती अदा वाटली असेल. मागच्या वीसजणींनीही इमानेइतबारे धड कलवलं.

तिला राहवलं नाही. खरं तर तिने स्वतःला आवरायला हवं होतं. घरी येऊन, दार लावून, दोघींत बोलायला हवं होतं. पण दोन वर्षांचा वैताग असा असतो की तो जागा बघून बाहेर पडत नाही.

गाणं संपलं तशी ती पुढे आली. "एक मिनिट ताई. सगळ्याजणी डाव्या पायावर उभ्या राहा बरं. नुसत्या. उजवा पाय उचलून. मी दहा आकडे मोजते."

बायकांना गंमत वाटली. त्या उभ्या राहिल्या. 'तीन'पर्यंत टिकल्या खळखळायला लागल्या, 'पाच'पर्यंत अर्ध्या खोलीने एकमेकींचे खांदे धरले, 'सात'ला बेकरीवाली शिक्षिकेवर पडली. हसणं, ओरडणं.

"हेच दाखवायचं होतं मला," ती म्हणाली. "तुमची कंबर उजवीकडे दुखते, पण चोर डावीकडे आहे. डावा पाय भार घेतच नाही, म्हणून उजवी बाजू दोन्ही बाजूंचं काम करते. आणि हे तुम्ही शिकलात इथे. ताई, तुम्ही राहा ना उभ्या."

खोलीतलं हसू हळूहळू कमी झालं.

"माझं काय आता?" ताई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं नाचतेय मी."

"दहा आकडे फक्त."

आता 'नाही' म्हणणं ताईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी हनुवटी वर केली, रुमाल नीट केला आणि उजवा पाय उचलला. तिने 'एक' म्हटलं. 'दोन' म्हणायच्या आत ताईंची उजवी कंबर खाली गेली, धड डावीकडे झुकलं, आणि हात आपसूक आरशाच्या कठड्यावर गेला. कठडा त्यांनी असा घट्ट धरला की नखं पांढरी झाली. आरशात ते वीसजणींना दिसत होतं, आणि ताईंना स्वतःलाही.

ताईंनी पाय खाली ठेवला, दिव्याच्या बटणाशी गेल्या आणि म्हणाल्या, "आजचा वर्ग झाला."

जिना उतरताना तिला कळून चुकलं होतं की निदान शंभर टक्के बरोबर आहे आणि आपण शंभर टक्के चुकलोय.

त्यानंतर आठ दिवस ताईंचा फोन नाही. रविवारी सोफा रिकामा. सासूबाईंनी मात्र दोनदा फोन केला. "तू तिला भर वर्गात लंगडी म्हणालीस म्हणे?" म्हणून. ती म्हणाली, "मी असं म्हटलेलं नाही." सासूबाई म्हणाल्या, "मग काय म्हणालीस?" तिला सांगता येईना, कारण जे म्हटलं होतं ते त्याहून काही फार बरं नव्हतं. नवऱ्याने या वेळी दुर्बीण थोडी उघडली. "माफी माग ना," तो म्हणाला. "कशाची?" ती उसळली. "खरं बोलल्याची?" "खरं बोलल्याची नाही गं. सगळ्यांसमोर बोलल्याची."

तिने तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा खाली ठेवला. एकदा ताईंच्या दारापर्यंत जाऊन आली. आत झांजांचा आवाज येत होता, ताई बोटांत छोट्या झांजा घालून एकट्याच ताल धरत होत्या. घंटी वाजवायचा धीर झाला नाही.

नवव्या दिवशी दवाखान्यात ती पुढच्या पेशंटसाठी दारात आली तर बाकावर ताई. हातात नंबराचा कागद, पाचवा. मांडीवर नव्या पेशंटने भरायचा फॉर्म.

"ताई, अहो, आत या ना!"

"माझा नंबर पाचवा आहे," ताई तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

तिने त्यानंतरचे दोन गुडघे आणि एक मान कशी तपासली ते तिलाच ठाऊक. पाचवा नंबर पुकारल्यावर ताई आल्या, फॉर्म टेबलावर ठेवला आणि खुर्चीत बसल्या. फॉर्मवर 'पूर्वी झालेली दुखापत' या रकान्यात आधी 'नाही' लिहून खोडलं होतं. खाली बारीक अक्षरात होतं: 'डावी बाजू, पडले होते, चौदा वर्षं.'

तिने ते वाचलं. "ताई, मी तुम्हाला सगळ्यांसमोर उभं करायला नको होतं."

"नकोच होतं," ताई म्हणाल्या. "पुढे विचार काय विचारायचंय ते."

"कुठे पडलात?"

"एका हॉटेलात कार्यक्रम होता. रंगमंचावर कुणीतरी पाणी सांडलेलं. दुसऱ्याच गिरकीला डाव्या कमरेवर आपटले. लोकांना वाटलं नाचातलंच आहे, टाळ्या वाजवल्या. मग काय करणार? उठले. डावा पाय टेकवेना. उरलेली अकरा मिनिटं उजव्या पायावर नाचले."

"आणि नंतर? डॉक्टर?"

"घरात सांगायचं कसं? बाबांनी आदल्याच दिवशी म्हटलं होतं, हे काय वय आहे का नाचायचं, पडशील कुठेतरी. मी म्हटलं, पडले तर सांगेनच तुम्हाला." त्या पहिल्यांदाच तिच्याकडे बघून हसल्या, पण हसू ओठांवरच राहिलं. "सहा आठवडे 'पाय मुरगळलाय' म्हणून काढले. मग दुखायचं थांबलं. मला वाटलं, संपलं. त्या दिवशी आरशात बघेपर्यंत मला खरंच माहीत नव्हतं गं, की मी असं करते. आणि त्या पोरींना पण..."

ती उठली, ताईंना उभं केलं, नीट तपासलं. अर्धा तास लागला. हाड ठीक वाटत होतं, तरी खात्रीसाठी फोटो काढायला सांगितलं. डाव्या कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू चौदा वर्षं सुट्टीवर होते, एवढंच.

"आता तू म्हणणार, नाच बंद," ताई म्हणाल्या.

दोन वर्षांचं कोडं तिला त्या वाक्यात उलगडलं. व्यायामाचा कागद टेबलाखाली का गेला, 'वेळ मिळेल तसे' म्हणजे काय. बाईला आळस नव्हता. बाईला भीती होती.

"कोण म्हणतंय बंद?" ती म्हणाली. "सहा आठवडे तुम्ही स्वतः नाचायचं नाही. रोज व्यायाम. वर्ग चालू ठेवा, पण खुर्चीत बसून."

"खुर्चीत बसून नाच शिकवू?"

"तोंडाने शिकवा."

फोटोत काही निघालं नाही आणि ताई खुर्चीत बसल्या. तिला वाटलं, चला, सुटले. कसलं काय! पहिल्या वर्गानंतर लगेच फोन.

"'कंबर सोड' म्हटलं तर ती बेकरीवाली गुडघे वाकवते! 'पोट आत' म्हटलं की श्वासच घेत नाही. गणिताच्या बाई विचारतात, किती अंश? मी म्हटलं, माझं डोकं एवढे अंश! वीस वीस महिने शिकताहेत आणि एकीलाही काही कळत नाही!"

"इतके दिवस कळत होतं ना?"

"हो की!"

"कळत नव्हतं ताई. त्या बघत होत्या."

पलीकडून फोन आपटल्याचा आवाज.

पण पुढच्या वर्गाला ताईंनी वही नेली. हळूहळू त्यांना शब्द सापडायला लागले. कंबर सोडायची म्हणजे गुडघा सरळ होता होता थोडा मऊ करायचा. मागे वाकायचं तर आधी छाती छताकडे उचलायची, पाठीची घडी घालायची नाही. सुरुवातीला दहा मिनिटं अंग मोकळं करणं आलं, मध्ये पाणी आलं, गार फरशीवर सतरंज्या आल्या. आणि प्रत्येक हालचाल दोन्ही बाजूंनी. डावीकडे सगळ्यांची तारांबळ उडायची. ताई खुर्चीतून ओरडायच्या, "नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं. इथे अंगण सरळ आहे आणि आपणच सगळ्या वाकड्या!"

दवाखान्यात बुधवारी मात्र त्याच ताई. बारा वेळा सांगितलं तर नऊवर थांबायचं आणि म्हणायचं, बारा झाले. दार धरून उभं राहायचं सांगितलं तर दार न धरता उभं राहून पडता पडता वाचायचं. "मोडेन पण वाकणार नाही," म्हणायच्या. ती कपाळाला हात लावायची. "तुम्हाला वाकायलाच तर शिकवतेय!" एकदा रागाच्या भरात तिने टाळी वाजवून आकडे मोजले आणि ताई खरंच बारापर्यंत गेल्या. कारण टाळीत ताल होता. मग काय, दर बुधवारी टाळ्या. शेजारच्या खोलीतला गुडघ्याचा पेशंट विचारायचा, आज कुणाचा कार्यक्रम आहे?

सहा आठवड्यांचे नऊ झाले. ताई डाव्या पायावर सावरून बावीस आकडे उभ्या राहायला लागल्या. बेकरीवालीची कंबरदुखी थांबली, शिक्षिकेची निम्मी थांबली. दातांच्या डॉक्टरची तशीच राहिली, कारण ती व्यायाम करत नव्हती. सगळ्या जगाला रोज दात घासायला सांगणारी बाई!

वार्षिक कार्यक्रम एका शाळेच्या सभागृहात होता. वीसजणींचा नाच आधी झाला. दोनदा रांग चुकली, एकीचा रुमाल सुटला, पण कंबर डावीउजवीकडे सारखी जात होती. ती दुसऱ्या रांगेत नवऱ्याशेजारी बसून हाताच्या बोटांवर मोजत होती. मग ताई एकट्या आल्या. अकरा मिनिटांचा नाच तिने वाटाघाटी करून चार मिनिटांवर आणला होता.

सुरुवातीला ती फक्त पाय बघत होती. भार उजवीकडे, आता डावीकडे, थोडं कललं, सावरलं, पुन्हा. मध्येच ढोल थांबला आणि नुसती झांज उरली. ताई डाव्या पायावर उभ्या राहिल्या, उजवी कंबर अगदी हळू, कुणाला तरी हाक मारावी तशी उचलली, सोडली, पुन्हा उचलली. तिची मोजदाद कुठेतरी सुटली. नवऱ्याने दंड दाबला तेव्हा तिला समजलं की चार मिनिटं झाली आहेत आणि ताई अजून नाचताहेत.

सात मिनिटं झाली.

कार्यक्रमानंतर ती तरातरा पडद्यामागे गेली. ताई घामाने डबडबून एका पेटीवर बसल्या होत्या, डावी मांडी चोळत.

"चार मिनिटं ठरली होती!" ती म्हणाली. "उद्या पाय उचलणार नाही तुमचा. आणि गरम अंगाने लगेच बसलात कशा? उठा, चाला आधी. तिसऱ्या मिनिटाला धड डावीकडे गेलं होतं, ते बघितलं का?"

"अगं बाई, नाच कसा झाला ते सांग ना!"

ती काहीतरी सांगणार होती. नेमके शब्द मिळेनात. तिने नुसताच हात हवेत वर उचलून हळू सोडला.

"कळलं," ताई म्हणाल्या आणि तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठल्या. "चल, चालूया. दाबायला नको मग आज."